वाट पाहण्याचा पगार

परदेशीपुऱ्यातील ज्या घरांत एके काळी मिलच्या भोंग्यावर चूल पेटत असे, त्या घरांना ‘बदली’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बदलीवाला पाळी सुरू होण्याआधीच मिलच्या फाटकाशी जाऊन उभा राही. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही, तर त्याच्या जागी याला आत घेत. सगळे आले, तर हा डबा तसाच हातात घेऊन घरी परते. डबा उघडलेला नसे, पण दिवस मात्र गेलेला असे.

त्या फाटकाची आठवण होण्यास कारण घडले ते आपल्याच संस्थेच्या बैठकीत. या महोत्सवी वर्षात रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोचविण्यासाठी एक गाडी व एक जाणता सोबती ठेवावा, आणि त्यात मानसिक आजाराच्या रुग्णांचीही सोय असावी, अशी सूचना पुढे आली. सूचना सर्वांना पसंत पडली. तेवढ्यात एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “फोन आला तर पैसे देऊ, त्याबद्दल वाद नाही. पण फोन आलाच नाही, तर तो माणूस आपल्या घरी झोपलेलाच असणार. मग पैसे कशाचे?” प्रश्न सरळ होता, आणि त्याचे नीट उत्तर त्या दिवशी कोणाला देता आले नाही, मलाही नाही. त्यानंतर या विषयावरचे कायदे व नियम जमतील तेवढे वाचले. त्यांचे सार सभासदांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रात्रीची गरज कोठून येते

मानसिक आजार घड्याळ पाहून बळावत नाही. चार रात्री न झोपलेला तरुण पाचव्या रात्री घरातून निघून जातो. दारू एकदम सोडलेल्या माणसाला पहाटे भास होऊ लागतात. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागतो. अशा वेळी शेजारी दारे लावून घेतात आणि घरचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. बाणगंगेचे मानसिक चिकित्सालय आपल्या वस्तीपासून काही फार दूर नाही. परंतु रात्री दोन वाजता ते अंतर फार मोठे होते.

या बाबतीत कायदा आता रुग्णाच्या बाजूने उभा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या ९४ व्या कलमाप्रमाणे जीविताला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो. हे उपचार ७२ तासांपर्यंत, किंवा त्यापूर्वी मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत चालू शकतात. रुग्णाला तेथे नेण्याची व्यवस्थाही त्यातच येते. २१ व्या कलमात असे म्हटले आहे की, रुग्णवाहिकेची सेवा शारीरिक आजाराच्या रुग्णाला जशी मिळते तशीच, तितकीच आणि त्याच दर्जाची मानसिक रुग्णालाही मिळाली पाहिजे. १०० व्या कलमाने पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे: रस्त्यावर भटकणाऱ्या अशा माणसाला संरक्षणाखाली घेतल्यास चोवीस तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत न्यावयाचे, कोठडीत डांबावयाचे नाही. शिवाय १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते.

हे सर्व चांगलेच झाले. पण कायद्याने रुग्णाला रात्री दोन वाजता जो हक्क दिला, तो पुरा करण्यासाठी रात्री दोन वाजता कोणीतरी उठावे लागते. कोणी परिचारिका, कोणी वॉर्डातला मदतनीस, कोणी समाजसेविका, कोणी गाडीचा चालक. त्यांच्या जागरणाचा हिशेब या कायद्यात नाही. तो ज्याच्या त्याच्या सेवानियमांवर सोडलेला आहे. आपला प्रश्न तेथूनच सुरू होतो.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या

या विषयातला पुष्कळसा घोटाळा एकाच शब्दाने होतो. ‘रात्रीची ड्यूटी’ या नावाखाली आपण तीन निराळ्या गोष्टी एकत्र करतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष पाळी. परिचारिका वॉर्डात हजर आहे. रुग्ण झोपलेले आहेत. तासभर तिला हालचाल करावी लागली नाही. तरीही ती कामावरच आहे. टेलिमानसचा समुपदेशक यंत्रापुढे बसला आहे आणि अर्धा तास घंटी वाजली नाही, तरी तो अर्धा तास कामाचाच होय.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉलवर असणे. माणूस आपल्या घरी आहे, पण त्याला सांगून ठेवलेले आहे की फोन जवळ ठेवावा, गाव सोडू नये, आणि बोलावणे येताच ठरलेल्या वेळेत हजर व्हावे. तो जेवतो, झोपतो. पण त्याला लग्नघरी उज्जैनला जाता येत नाही, आणि पाहुण्यांबरोबर दुसऱ्या खेळाचा सिनेमाही निर्धास्तपणे पाहता येत नाही. हा वेळ पुरता त्याचा नाही आणि पुरता मालकाचाही नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे परत बोलावणे. दिवसाची पाळी संपवून घरी गेलेल्या माणसाला पुन्हा कामावर आणणे. काम अर्ध्या तासाचेच असेल. पण उठणे, कपडे करणे, जाणे, येणे आणि मोडलेली झोप धरली तर त्याची अर्धी रात्र खर्ची पडते. म्हणून ज्या ज्या ठिकाणी याचे नियम झाले, तेथे परत बोलावण्याचा मोबदला मिनिटांवर न मोजता किमान काही तासांचा धरण्याची पद्धत पडली.

आमच्या सभासदांचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीविषयी होता. तिचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपल्या मिलच्या फाटकाकडेच परत जाऊ.

मिलच्या कायद्याने दिलेले उत्तर

औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली एक दुरुस्ती झाली. तिने ‘ले-ऑफ’ची, म्हणजे काम न देता बसवून ठेवण्याची, व्याख्या केली. ती आजही वाचण्यासारखी आहे. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे असा कामगार ठरलेल्या वेळी कामावर हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिले नाही, तर त्या दिवसापुरता तो ले-ऑफ झाला असे समजावे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला अशा दिवसाबद्दल मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळे.

पुढचा भाग अधिक बारकाईचा आहे. मालकाने सकाळी काम न देता सांगितले, “पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात ये,” आणि तो आल्यावरही काम दिले नाही, तर त्या दुसऱ्या अर्ध्याचा मूळ पगार व महागाई भत्ता पुरा द्यावा लागे. कारण उघड आहे. सकाळी तो नेहमीप्रमाणे आला होता. दुपारी मात्र मालकाने मुद्दाम बोलावले म्हणून आला. बोलावले आणि तो आला, एवढ्यानेच मोबदला देणे लागते; काम होते की नव्हते, हा पुढचा प्रश्न. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, आणि ले-ऑफच्या व्याख्येचा हा गाभा तिच्यातही ठेवला आहे.

खुद्द बदलीवाल्याला मात्र हे संरक्षण सहज मिळत नसे. एक वर्षाची सलग नोकरी पुरी होईपर्यंत तो या भरपाईबाहेरच राही. ज्याला सर्वांत जास्त वाट पाहावी लागे, त्याच्याच वाट पाहण्याला किंमत नव्हती. आज कंत्राटावर काम करणाऱ्या आरोग्यसेवकांकडे पाहिले की त्या फाटकाची आठवण होते.

रेल्वेने केलेली वर्गवारी

दुसरे उदाहरण रेल्वेचे. फाटकवाल्याच्या बारा तासांच्या पाळीत गाड्या थोड्याच असतात. बाकीचा वेळ तो बसून असतो. या बसण्याचे काय करावे, हा वाद जुना आहे. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी दिलेल्या निवाड्यात रेल्वेच्या कामाची वर्गवारी झाली: अतिश्रमाचे, अखंड, मुख्यतः खंडित, आणि या मोजणीतून वगळलेले. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १३० वे कलम सांगते की, बारा तासांच्या पाळीत निम्मा किंवा अधिक वेळ शरीराला श्रम व मनाला सतत अवधान लागत नसेल, तर ते काम ‘मुख्यतः खंडित’ ठरविता येते. आणि ही सरासरी सलग ७२ तासांवर काढावयाची असते.

अशा कामगाराला अधिक तास नेमता येतात, हे खरे. पण त्याचा रिकामा वेळ म्हणजे सुट्टी, असे कायदा म्हणत नाही. तो वेळ हलका आहे, तरी कामाचा आहे. हलका म्हणून त्याची मोजणी निराळी असेल. मोजणीच करावयाची नाही, असे होत नाही.

दूरदेशी काय ठरले

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ येथे मांसप्रक्रियेचा एक मोठा कारखाना होता. तेथील काही कामगार दिवसाची पाळी संपल्यावर आठवड्यातून तीन-चार रात्री कारखान्याच्या आवारातील अग्निशमन खोलीत राहत. तेथे ते झोपत, बैठे खेळ खेळत, रेडिओ ऐकत. आगीची घंटा वाजली तरच धावत. दर घंटेमागे त्यांना प्रथम ५० व पुढे ६४ सेंट मिळत. नुसत्या राहण्याबद्दल वेगळे काही नाही. हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९४४ मध्ये न्यायालयाने सांगितले की, वाट पाहण्याचा वेळ हा कामाचा वेळ असूच शकत नाही, असा कोणताही कायदा नाही; वाट पाहण्यासाठीच माणूस ठेवला होता की काय, हे प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवरून पाहावे. पुढे त्या देशाच्या नियमांत एक सोपी कसोटी आली. आवारात किंवा आवाराच्या इतके जवळ राहावे लागते की तो वेळ माणसाला स्वतःसाठी वापरताच येत नाही, तर तो कामाचा वेळ. आपण कोठे सापडू एवढाच निरोप ठेवून जाता येते, तर तो कामाचा वेळ नव्हे.

त्याच देशात माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांना घरी कॉलवर असताना दर तासाला जादा कामाच्या दराच्या दहा टक्के देण्याची कायद्यात तरतूद आहे. केंद्र सरकारच्या नोकराला अनपेक्षितपणे परत बोलावले, तर काम दहा मिनिटांचे असले तरी निदान दोन तासांचे जादा काम धरतात.

युरोपात बेल्जियममधील निव्हेल गावच्या एका स्वयंसेवक अग्निशामकाचे प्रकरण गाजले. तो घरीच असे; पण बोलावणे आल्यापासून आठ मिनिटांत त्याला ठाण्यावर पोचावे लागे. युरोपीय न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०१८ रोजी निर्णय दिला की, इतक्या घट्ट बांधलेला घरचा वेळदेखील कामाचाच वेळ होय. मात्र त्या वेळेचा दर किती असावा, हे ज्या त्या देशाने ठरवावयाचे आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. या एका निकालात दोन गोष्टी सुट्या झाल्या: वेळ कोणाचा, हा एक प्रश्न, त्याचा भाव किती, हा दुसरा.

आपल्याकडे आज काय आहे

आपल्याकडे या विषयाचे तुकडे निरनिराळ्या आदेशांत विखुरलेले आहेत. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या १९९२ च्या योजनेत सांगितले आहे की, सलग प्रत्यक्ष काम सामान्यतः दिवसाला बारा तासांपेक्षा अधिक नसावे, आणि कॉलवरची नेमणूकही एका वेळी बारा तासांपेक्षा अधिक नसावी. येथे कॉलवरच्या वेळेला मर्यादा घातली, म्हणजे तो वेळ मोजण्याजोगा मानला.

केंद्र सरकारच्या ज्या नोकरांना रात्रपाळीचा भत्ता मिळतो, त्यांच्यासाठी जुलै २०२० च्या आदेशाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील दर तासाला दहा मिनिटांचे अधिक वजन धरले. ताशी दर काढण्यासाठी मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या बेरजेला २०० ने भागावयाचे. आणि ४३,६०० रुपयांपेक्षा अधिक मूळ पगार असणाऱ्यांना हा भत्ता नाही. हा नियम रात्री कामावर असणाऱ्यासाठी आहे. उशाशी फोन ठेवून घरी झोपणाऱ्यासाठी नाही. जादा कामाचा भत्ता तर जून २०१८ च्या आदेशाने बहुतेक केंद्रीय नोकरांसाठी बंदच झाला. प्रत्यक्ष यंत्रणा चालविणारे व कायद्याने संरक्षित औद्योगिक कामगार तेवढे वगळले गेले.

वेतन संहितेत जादा कामाला निदान दुप्पट दर सांगितला आहे. पण जादा काम मोजावयाचे तर आधी काम कशाला म्हणावयाचे ते ठरले पाहिजे, आणि कॉलवरचा वेळ नेमका तेथेच अडकतो.

आता आपल्या संस्थेला लागू असणारी गोष्ट. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ विस्तृत केला होता. रुग्णालयेही त्यात आली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा लोकोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांना ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळले आहे. किमान वेतन व वेळेवर पगार यांचा विषय वेगळ्या संहितेत येतो. त्यातून आपण सुटलो असे कोणी समजू नये. पण ले-ऑफच्या ज्या नियमाने आपल्या वडिलांना फाटकावरच्या वेळेचा मोबदला मिळवून दिला, तो नियम आपल्या दारात आता आपोआप येणार नाही. तो आपणच लिहून घेतला पाहिजे. धर्मादाय कामाला कायद्याने दिलेली सूट ही संस्थेच्या सोयीसाठी आहे. सेवकाच्या झोपेतून काटकसर करण्यासाठी नव्हे.

आपल्यापुरता हिशेब

समजा, आपण सोबत्याला महिना २०,००० रुपयांवर दिवसाच्या कामासाठी नेमले. त्या रकमेला २०० ने भागले की ताशी दर १०० रुपये येतो. जादा कामाचा दुप्पट दर २०० रुपये. कॉलवर असण्याचा दर त्याच्या दहा टक्के, म्हणजे तासाला २० रुपये.

रात्री आठ ते सकाळी आठ असे बारा तास तो घरी कॉलवर राहिला आणि फोन आला नाही, तर २४० रुपये. फोन आला व चाळीस मिनिटांचे काम झाले, तर किमान दोन तास धरून ४०० रुपये आणि उरलेल्या दहा तासांचे २००, एकूण ६०० रुपये. रुग्णाजवळ साडेतीन तास थांबावे लागले, तर ७०० व उरलेल्या साडेआठ तासांचे १७०, मिळून ८७० रुपये. महिन्याच्या तीस रात्री एकही फोन आला नाही, तरी खर्च ७,२०० रुपये. त्यांत सहा रात्री चाळीस मिनिटांची कामे निघाली, तर ९,३६० रुपये. एवढी रक्कम आपल्या संस्थेला पेलण्यासारखी आहे. तीस रात्री एकाच माणसावर टाकू नयेत, दोघांत वाटाव्या. खर्च तोच राहील आणि माणूस टिकेल.

दरापेक्षाही अटी स्पष्ट लिहिणे अधिक महत्त्वाचे आहे. बोलावल्यावर अर्ध्या तासात यावे, असे म्हटले तर तो कॉलवर आहे. संस्थेच्या खोलीतच झोपावे, असे म्हटले तर तो कामावर आहे. मग दहा टक्क्यांची भाषा बोलता येणार नाही. परत बोलावण्याचा वेळ घर सोडल्यापासून घरी पोचेपर्यंत मोजावा. किमान दोन तासांच्या आतच दुसरा फोन आला, तर तो त्याच दोन तासांत धरावा, म्हणजे संस्थेवरही अन्याय होणार नाही. मध्यरात्रीनंतर काम निघाले, तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा पगार न कापता द्यावी. आणि प्रत्येक फोनची वेळ, निघण्याची वेळ व परतण्याची वेळ वहीत लिहून त्यावर सही घ्यावी. वादाचे निम्मे मूळ कोरी वही हेच असते.

शेवटी, त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. फोन न आलेल्या रात्रीचे पैसे झोपेचे नसतात. ते त्या माणसाने दुसरीकडे कोठे न जाण्याचे असतात. आगीचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून त्यावरचा खर्च वाया गेला, असे आपण म्हणत नाही. मानसिक आजाराने घेरलेल्या घरी तर येणारा माणूस थकलेला, कुरकुरणारा, उपकार करावयास आल्यासारखा असेल, तर त्याने आधीच भ्यालेला रुग्ण आणखी बिथरतो. ज्याच्या जागरणाची कदर झाली आहे, असा माणूसच रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या दारात शांतपणे उभा राहू शकतो. सेवकाचा हिशेब चोख ठेवण्यात रुग्णाचेही हित आहे, ते असे.

आपल्या वस्तीला वाट पाहण्याची किंमत पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली; तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्त झाला. मध्ये बत्तीस वर्षे गेली, आणि कित्येक घरांत पैसे घ्यावयास मूळ कामगार उरला नव्हता. ज्या वस्तीने इतकी वाट पाहिली, तिच्या संस्थेने तरी दुसऱ्याच्या वाट पाहण्याला शून्य किंमत लावू नये. पुढील बैठकीत गाडी कोणती घ्यावयाची हे ठरविण्याआधी ही नियमांची वही आपण पुढे ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर सोबत्याच्या कॉलवरच्या रात्रीचा दर लिहावा, अशी सभासदांना विनंती आहे.